पगार बुडवला कारखान्याने, वसूल करणार तहसीलदार

शिरूर किंवा दौंडच्या तहसील कचेरीत माणसे उत्पन्नाचा दाखला काढायला जातात, फेरफाराची चौकशी करायला जातात, शेतरस्त्याचा वाद घेऊन जातात. याच कचेरीत अधूनमधून असाही एक कागद येतो, ज्याचा शेतीशी काडीचा संबंध नसतो. त्यात गट नंबर नसतो, पीक नसते, बांध नसतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत दहा वर्षे यंत्रावर उभ्या राहिलेल्या फिटरची थकलेली ग्रॅच्युइटी त्यात असू शकते, किंवा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यात भाजलेल्या कामगाराची न मिळालेली भरपाई. खाली आदेश असतो: ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करावी.

पगाराचा आणि शेतसाऱ्याचा संबंध काय? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही कारकुनाच्या हातून झालेली सरमिसळ वाटेल. प्रत्यक्षात कामगार कायद्याने पूर्ण विचाराने हे साधन महसूल खात्याकडून उसने घेतले आहे. पैसे वसूल करण्याचे जे सर्वांत जुने आणि कठोर साधन राज्याच्या हातात होते, ते कायद्याने पगार बुडालेल्या माणसाच्या बाजूने उभे केले. थक्क करणारी गोष्ट अशी, की वसुलीच्या या साऱ्या इतिहासातली काही महत्त्वाची पाने भीमा आणि घोड नद्यांच्या याच खोऱ्यात लिहिली गेली.

निकाल लागला, पुढे काय?

आधी पैशांचे प्रकार वेगळे करू, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कामगार कायदा मोडला की मालकाकडून तीन तऱ्हेचे पैसे निघू शकतात. पहिला प्रकार न्यायालयाने किंवा अधिकाऱ्याने केलेल्या दंडाचा. तो सरकारी तिजोरीत जातो, कामगाराला त्यातून आपोआप काही मिळत नाही. दुसरा प्रकार कामगाराच्या स्वतःच्या हक्काच्या पैशांचा: थकलेला पगार, किमान वेतनातला फरक, ग्रॅच्युइटी. तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण. तो असतो दंडच, पण जातो कामगाराच्या किंवा त्याच्या निधीच्या खात्यात.

या तिसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात सापडते. अपघाताची भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही, तर मालकाला १२ टक्के व्याज द्यावे लागे. उशिराला सबळ कारण नसेल तर वर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसे. हा दंड कोणाला मिळावा, हे कायद्यात २००० च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले: जखमी कामगाराला किंवा मृत कामगाराच्या वारसांना. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात तर कमी दिलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याची तरतूद होती. म्हणजे चालढकलीची किंमत ज्याने सोसली, तिचा मोबदला त्यालाच.

आता एक हिशेब करू. समजा, एका कामगाराचा शेवटचा पगार, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून, २६,००० रुपये होता आणि सेवा झाली १० वर्षे. ग्रॅच्युइटी मोजताना महिन्याचे कामाचे दिवस २६ धरतात. त्यामुळे एका दिवसाचे झाले १,००० रुपये, वर्षाला १५ दिवसांप्रमाणे १५,००० आणि दहा वर्षांचे दीड लाख. हे पैसे ३० दिवसांत मिळायला हवेत. मिळाले नाहीत म्हणून त्याने दाद मागितली, सुनावणी झाली, आदेश त्याच्या बाजूने लागला. आणि मालक गप्प बसला.

हा गप्प बसलेला मालक हीच साऱ्या न्यायव्यवस्थेपुढची खरी अडचण. दिवाणी न्यायालयात दावा जिंकलेल्या माणसालाही पैशांसाठी पुन्हा दरखास्त लावावी लागते, वकील द्यावा लागतो, तारखा मोजाव्या लागतात. नोकरी गेलेल्या कामगाराने हे कुठल्या बळावर करायचे? स्वतंत्र भारताच्या कायदेमंडळाने या प्रश्नाचे उत्तर लवकर दिले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ३३-सी हे कलम आले. मालकाकडून पैसे येणे आहेत अशी शासनाची खात्री पटली की शासनाने जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली प्रमाणपत्र काढायचे आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यातही हीच वाट होती, महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यातही हीच.

रक्कम किती हे ठरलेले नसेल, तर कामगार न्यायालय ती मोजून देते. मात्र या मोजणीला एक मर्यादा आहे. हक्क आधी सिद्ध असावा लागतो. मुळात हक्कच आहे की नाही, असा वाद असेल तर तो आधी वेगळा सोडवून घ्यावा लागतो. अनेक अर्ज इथेच अडतात. म्हणून नेमणूकपत्र, पगाराची पावती, हजेरी कार्ड, पीएफचा उतारा हे कागद कामगाराने जिवापाड जपायला हवेत.

हीच माती, हीच वसुली

आता इतिहासात जाऊ, कारण जमीन महसुलाच्या थकबाकीत एवढा दरारा कुठून आला हे तिथे कळते.

दौंडला लागून असलेल्या इंदापुरात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नवी जमीनमोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला. मुंबई इलाख्यातल्या रयतवारी पद्धतीचा पाया या कामाने घातला गेला. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार आणि प्रत्येक आकाराला एक नाव. सरकारला आता थेट माणसाकडून पैसे मागता येऊ लागले. सारा रोखीत भरायचा असल्याने शेतकरी सावकाराच्या दारात गेला आणि सावकाराच्या हातात दुसरे हत्यार आले: दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने असाच हुकूमनामा मिळवून एका देशमुखाचे घर पाडले. गाव पेटून उठले आणि सावकारांवर बहिष्कार पडला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा झाला. लोकांनी कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. ही लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. इतिहासात तिला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या कामातून एक कटू सत्य पुढे आले: शेतकऱ्यांविरुद्धचे असंख्य निकाल एकतर्फी लागत होते, प्रतिवादी न्यायालयात पोचतच नव्हता.

त्यानंतरचे १८७९ हे वर्ष पाहून मी दरवेळी थबकतो. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. पहिला, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत पैशांच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकण्याचा सावकाराचा मार्ग त्याने बंद केला. दुसरा, मुंबई जमीन महसूल संहिता. तिने थकबाकीदाराला अटक करण्याचा अधिकार सरकारच्या स्वतःच्या महसुलासाठी शाबूत ठेवला. सावकाराच्या हातातली बेडी सरकारने काढून घेतली, स्वतःच्या हातातली ठेवली.

ही बेडी पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. दरम्यान कामगार कायद्यांनी तिचे तोंड फिरवले होते. जी शक्ती कर्ड्याच्या शेतकऱ्याकडून सारा घेण्यासाठी घडली, तीच आता त्याच्या नातवंडा-पतवंडांचा बुडालेला पगार कारखान्याकडून मिळवून देण्यासाठी वापरता येते. रांजणगावची औद्योगिक वसाहत त्याच शिरूर तालुक्यात उभी आहे. इतिहासाने घेतलेले एवढे मोठे वळण एका कलमात मावले आहे.

कचेरीतल्या पायऱ्या

प्रमाणपत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलदारांकडे येते तेव्हा पुढे काय घडते? संहितेचे कलम १७६ आणि त्यापुढची कलमे या पायऱ्या सांगतात.

पहिली पायरी मागणीची नोटीस. दुसरी, जंगम मालमत्तेची अटकावणी: यंत्रे, वाहने, तयार माल, फर्निचर. पंचनामा होतो, यादी होते आणि पैसे आले नाहीत तर लिलाव. तिसरी, स्थावर मालमत्तेची जप्ती आणि विक्री. जमीन थकबाकीदाराच्या नावावर असेल तर सातबाराच्या इतर हक्कांत बोजाची नोंद करता येते, आणि बोजा असलेली जमीन विकताना मालकाला घाम फुटतो. अनेकदा लिलावाआधी बोजाच काम करून जातो. शेवटची पायरी अटकेची. थकबाकीदाराला तहसीलदाराच्या कचेरीत दहा दिवसांपर्यंत अटकेत ठेवता येते आणि तरीही पैसे आले नाहीत तर दिवाणी तुरुंगात पाठवता येते. पैसे भरले की सुटका.

या कठोर रचनेत माणुसकीच्या जागाही राखलेल्या आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेने ज्या वस्तूंना जप्तीतून सूट दिली, त्या इथेही वाचतात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी जाहीरनामा काढावा लागतो आणि त्यानंतर ३० दिवस थांबावे लागते. लिलावात बोली जिंकणाऱ्याला एक चतुर्थांश रक्कम जागेवर भरावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की तहसीलदारांसमोर मूळ वाद पुन्हा उकरता येत नाही. पगार देणे होते की नव्हते, कामगार माझा होता की नव्हता, हे प्रश्न मागच्या टप्प्यावर संपलेले असतात. कचेरीत एकच प्रश्न उरतो: पैसे भरले का?

फौजदारी न्यायालयाने केलेला दंडही अखेर याच दारात येऊ शकतो. दंड न भरल्यास न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायला सांगू शकते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही सोय कलम ४२१ मध्ये होती आणि तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कामगार न्यायालय असो, ग्रॅच्युइटीचा अधिकारी असो, फौजदारी न्यायालय असो, सगळ्यांच्या आदेशांचे पाणी शेवटी महसूल शाखेच्या एकाच पाटात उतरते.

मालक मुंबईत, कारखाना कुरकुंभला

आता चतुर मालकाचा विचार करू. कारखाना भाड्याच्या शेडमध्ये दौंड तालुक्यात. फ्लॅट मुंबईत, गाळा सुरतेत. इथे जप्त करायला काहीच नाही. मग दौंडचे तहसीलदार काय करणार?

याचे उत्तर १८९० सालच्या एका छोट्याशा कायद्यात आहे: महसूल वसुली कायदा. त्याचे कलम ३ सांगते, की थकबाकीदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याने त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याला प्रमाणपत्र पाठवावे. त्याने ती रक्कम जणू स्वतःच्याच जिल्ह्यात थकलेला महसूल आहे असे समजून वसूल करावी. राज्याची हद्दही आडवी येत नाही. एकोणिसाव्या शतकात फरार थकबाकीदाराला गाठण्यासाठी केलेली ही तरतूद आज कंत्राटी कामगाराच्या पगारासाठी पुण्याहून सुरतेला जाऊ शकते. कामगार भरपाईच्या कायद्याने तर भरपाई आयुक्ताला या १८९० च्या कायद्याच्या कलम ५ मधला सरकारी अधिकारीच मानले होते. दोन वेगळ्या काळांतले, दोन वेगळ्या हेतूंचे कायदे असे एकमेकांत चपखल बसतात.

मालकावर अन्याय होत असेल तर? त्यालाही वाट आहे. याच १८९० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याने आधी लेखी निषेध नोंदवून पैसे भरायचे आणि मग परत मिळवण्यासाठी दावा लावायचा. पैसे आधी, वाद नंतर. इतरत्र वाट पाहण्याचा भार कामगारावर असतो, इथे तो मालकावर पडतो.

पीएफची वेगळी फौज

भविष्य निर्वाह निधीने मात्र स्वतःची यंत्रणा उभारली. १९५२ च्या या कायद्यात वसुली अधिकारी वेगळा आहे आणि त्याला प्राप्तिकर वसुलीसारखे अधिकार आहेत: बँक खाते गोठवणे, जप्ती, लिलाव, अटक, मालमत्तेवर रिसीव्हर नेमणे. आधी आस्थापनेच्या मालमत्तेला हात लावायचा आणि ती पुरली नाही तर मालकाच्या, असा क्रमही कायद्यानेच घालून दिला आहे. उशिरा भरलेल्या वर्गणीवर १२ टक्के व्याज, शिवाय नुकसानभरपाईच्या नावाने दंड. जून २०२४ पासून या दंडाचा दर दरमहा १ टक्का झाला.

साखरपट्ट्यातल्या वाचकांना २००९ चा एक निकाल ठाऊक असायला हवा. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालय यांच्यातला हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. साखर कारखान्याने साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवलेली, आणि कामगारांचा पीएफ थकलेला. मग त्या पोत्यांवर पहिला हक्क कोणाचा? न्यायालयाने सांगितले, की कामगारांच्या पीएफचा. शिवाय हा पहिला हक्क केवळ मूळ वर्गणीपुरता नसून व्याजाला आणि दंडालाही लागू आहे. भीमेच्या काठी ज्या घरांत एक जण ऊस घालतो आणि दुसरा कारखान्यात नोकरी करतो, त्या घरांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

गाडे अडते कुठे?

इतकी ताकद असूनही प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे पडून राहतात. याची कारणे समजून घेतली तरच उपाय सुचतो.

पहिले कारण मालमत्तेचा पत्ता नसणे. तहसीलदारांना प्रमाणपत्रात नाव आणि रक्कम मिळते, पण जप्त काय करायचे हे कळत नाही. औद्योगिक वसाहतीतले भूखंड बहुधा एमआयडीसीने ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. जमीन महामंडळाची, कारखान्याकडे फक्त पट्ट्याचा हक्क. सातबारा पाहून हाती काही लागत नाही. तेव्हा भूखंड क्रमांकावरून एमआयडीसीला लेखी कळवावे लागते.

दुसरे कारण कंपनीचे स्वरूप. मालकी एकट्याची किंवा भागीदारीची असेल तर मालकाच्या घरादारापर्यंत पोचता येते. खासगी मर्यादित कंपनी असेल तर देणे कंपनीचे, संचालकाचा बंगला सहसा सुरक्षित. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर वसुली थांबते आणि कामगाराला तिथे स्वतंत्र दावा नोंदवावा लागतो.

तिसरे कारण ठेकेदार. एके दिवशी तो गायब होतो आणि कामगारांना त्याचे पूर्ण नावही माहीत नसते. इथे कायदा ठामपणे कामगाराच्या पाठीशी आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचे कलम २१ सांगत होते, की ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो द्यावा आणि मग ठेकेदाराकडून वळता करून घ्यावा. म्हणून तक्रारीत ठेकेदाराबरोबर मूळ कारखान्याचे नाव पहिल्या दिवसापासून हवे. नंतर ते घालणे जड जाते.

या तिन्ही अडचणींवर एकच उपाय पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो: माहिती. पगार कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेतून यायचा, कंपनीचा जीएसटी क्रमांक काय, गाड्यांचे नंबर काय, माल कोणाला जातो आणि त्या गिऱ्हाइकाकडून किती येणे आहे. किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टी कामगाराला रोजच्या कामातून माहीत असतात, तहसीलदारांना नसतात. त्या एका पानावर लिहून अर्जासोबत दिल्या की प्रमाणपत्राला जणू हातपाय फुटतात.

नव्या संहितांत जुनी वाट

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. पगाराच्या दाव्यासाठी आता तीन वर्षांची मुदत आहे, आणि दावा शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावा असे वेतन संहिता सांगते. दहापटीपर्यंतच्या भरपाईची तरतूद टिकून आहे. काही उल्लंघनांसाठी न्यायालयाऐवजी अवर सचिव दर्जापेक्षा खालचा नसलेला अधिकारी दंड ठरवू शकतो, आणि तो ९० दिवसांत भरला नाही तर किमान ५०,००० ते कमाल दोन लाख रुपयांपर्यंतचा नवा दंड ओढवतो.

एवढे बदलले, पण शेवटची पायरी तशीच राहिली. वेतन संहितेचे कलम ४५ आणि औद्योगिक संबंध संहितेचे कलम ५९ दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडेच बोट दाखवतात: वसुली प्रमाणपत्र पाठवा, जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करा. कायदे करणाऱ्यांना याहून भरवशाचे साधन सापडले नाही, हीच या जुन्या यंत्रणेची सर्वांत मोठी शिफारस.

म्हणून रांजणगाव, कुरकुंभ, पाटस, न्हावरे किंवा आणखी कुठल्याही गावातल्या कामगाराने आदेश मिळाल्यावर थांबू नये. प्रमाणपत्र निघाले का, त्याचा जावक क्रमांक काय, ते जिल्हाधिकारी कार्यालयातून कोणत्या तारखेला तहसीलला गेले, मागणीची नोटीस बजावली का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. गावातल्या शिकलेल्या मुलांनी, ग्रामपंचायतीने, कामगार संघटनेने यात हात द्यावा. शेतसारा थकला तर सरकार गप्प बसत नाही. कामगाराच्या पैशांसाठीही त्याने गप्प बसू नये, असे कायदा सत्तर वर्षे सांगतो आहे, आणि ते बजावून घेण्याचा हक्क आपला आहे.